लिफ्टबाईच्या पोटातला आवाज

माझ्या धाकट्या जावेला सगळे लिफ्टबाई म्हणायचे, अजूनही म्हणतात. लिफ्टमध्ये एक बाई बोलते ना, "दरवाजा बंद होत आहे, कृपया दूर उभे राहा", ती बाई म्हणजे हीच. कुठल्या कुठल्या इमारतींत तिचा आवाज वर-खाली करत असायचा आणि ती घरी भाजी निवडत बसलेली. एकदा तिची पोरं मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये शिरली आणि वरून आईचा आवाज आला, तसा धाकटा एकदम भिंतीला चिकटून हात बांधून उभा राहिला. घरी कधी एका हाकेत ऐकायचा नाही!

आवाज मधासारखा, पण पोट? पोट म्हणजे नुसता कारखाना. दूध तिला कधी पचलंच नाही. घोटभर प्यायली की पोटात गुडगुड सुरू. म्हणून तिनं दूध सोडलं, दही सोडलं, लोणी सोडलं, चहासुद्धा काळा प्यायला लागली. बिस्कीट हातात घेतलं की आधी पुडा उलटा करून वाचायची. एवढं करून गुडगुड काही थांबेना.

आणि तिचं काम कुठं, तर हूं का चूं चालायचं नाही अशा जागी. रेकॉर्डिंगची ती खोली कपाटाएवढी, भिंतींना स्पंज लावलेला, पंखा बंद. आत जाताना बांगड्या काढायच्या, करकर वाजणारी चप्पल बाहेर ठेवायची. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा बसायचा, कानावर मोठे डबे लावून. त्याला सगळे कानवाला म्हणायचे. रस्त्याच्या त्या टोकाला कुणी जांभई दिली तरी ह्याला ऐकू जायची.

पहिल्यांदा झालं ते असं. ही म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे," आणि लगेच खालून आवाज आला, "गुर्र्र्र गुडुक."

कानवाल्यानं काचेवर टकटक केलं. "थांबा वहिनी, बाहेर स्कूटर सुरू झाली वाटतं."

बाहेर जाऊन आला. स्कूटर नव्हती. पुन्हा घेतलं, पुन्हा गुडुक. मग त्यानं खुर्ची बदलली. मग टेबलाखाली मांजर शोधली. बिचारा गुडघ्यावर रांगतोय, "ये ये, पुस पुस" करतोय आणि ही वर लाल होऊन बसलीय. शेवटी म्हणाली, "उठा भाऊजी. मांजर नाही. मीच आहे."

तेव्हापासून ती धसकाच घेऊन बसली. कामाला निघायच्या आधी पोट गप्प बसावं म्हणून गॅसची गोळी. आत शिरताना आणखी एक. नाक चोंदून आवाज बसू नये म्हणून सर्दीची तिसरी. आणि रोज संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसली की पाळणा लांबवायची गोळी. दोन झाली, तिसरं नको, असं दोघा नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. थांबलीस का पोरी? मी सांगतेय तसं लिहून घे गं, लाजतेस कसली, गोळीच आहे ती.

जितक्या गोळ्या घ्याव्या तितकं पोट जास्त बोलायला लागलं. मग तिनं काय केलं, तर घरातली जाड उशी पोटावर बांधली, वरून ओढणीनं गच्च आवळली आणि त्यावर सैलसा अंगरखा घातला. आवाज आतल्या आत दबेल म्हणून. आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या सासूबाई तिचा विसरलेला डबा द्यायला तिथं गेल्या! दारातून सुनेचं पोट पाहिलं आणि डबा हातातून सुटता सुटता राहिला.

"अगं बाई! कधीपासून? आणि मला सांगायचं नाही?"

"आई, उशी आहे ती."

"हो हो, उशीच म्हणणार तू. मी चार बाळंतपणं काढलीत, मला शिकवतेस?"

घरी येईपर्यंत सासूबाईंनी लोकरीचे गुंडे आणून टोपडं विणायला घेतलं होतं. उशी सोडून दाखवली तरी पटेना. म्हणतात, "पोटात गुडगुड होते ना? मलाही थोरल्याच्या वेळी व्हायची."

अशात एक मोठं काम आलं. अंध माणसांसाठी बोलकी पुस्तकं ठेवणारं एक ग्रंथालय होतं, त्यांना औषधांबरोबर येणारी माहितीची पत्रकं आवाजात हवी होती. वर्षभर पुरेल एवढं काम. लिफ्टबाईला ते हवंच होतं. दोन ओळी लिफ्टच्या बोलून तिचं मन भरत नव्हतं, तिला काहीतरी लांबलचक, कुणाच्या तरी उपयोगाचं वाचायचं होतं. पण कानवाला डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, तिथले मास्तर पुढच्या महिन्यात स्वतः ऐकायला येणार. स्वतः अंध आहेत, त्यांचे कान माझ्याहून तिखट. त्या दिवशी पोट बोललं, तर मला दुसरा आवाज शोधावा लागेल. मला आवडेल का ते? पण काय करू?"

ही म्हणाली, "सराव करू." पत्रकं सोप्या भाषेत करून आली होती. तिनं वरचं उचललं, तर नशीब बघ, तिच्याच पाळणा लांबवायच्या गोळीचं! कानवाल्यासमोर ते वाचायचं म्हणजे आधीच हसू फुटत होतं. ओठ चावत चावत वाचत गेली. कधी घ्यायची, विसरली तर काय करायचं, आणि शेवटी, "गोळीतले इतर घटक: दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज..."

"गुर्र्र्र गुडुक गुडुक!"

अगदी शाळेत हजेरी द्यावी तसं पोट बोललं. 

"काय म्हणालात?" कानवाल्यानं विचारलं.

"दुधातली साखर! अहो, मी चहा काळा पिते, बिस्किटाचे पुडे वाचते, आणि रोज संध्याकाळी ही गिळते?" तिनं गठ्ठा उपसला. गॅसच्या गोळीचं पत्रक काढलं, दुधातली साखर. सर्दीच्या गोळीचं काढलं, तिथंही ती बसलेलीच. "पोट गप्प करायला जी घेते तीच पोटाला चिथावतेय की काय, हो?" आणि अशी हसायला लागली की कानवाल्यानं डबे कानावरून फेकून दिले.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरबाईकडे गेली. सासूबाईही बरोबर, विणकामाची पिशवी घेऊन. डॉक्टरबाईंनी पर्स रिकामी करायला लावली. टेबलावर पाकिटांची रांगच लागली.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "गोळीला आकार यावा म्हणून ही साखर घालतात. एका गोळीत अगदी थोडी असते. दूध न पचणाऱ्यांनासुद्धा तेवढ्यानं बहुतेक वेळा काही होत नाही. पण तुझं पोट जरा जास्तच हळवं आहे आणि तू दिवसभर गोळ्या फुटाण्यासारख्या खातेस. त्यामुळेच होतंय असं मी छातीठोक सांगणार नाही. करून बघू. गॅसच्या गोळ्या बंद. नाकाला फवारा. आणि ती संध्याकाळची गोळी मात्र मनानं सोडायची नाही हं, नाहीतर पोट खरंच वाढेल! तुला चालत असेल तर आपण तांबी बसवू. तिच्यात साखर नाही की दूध नाही."

तिला चाललं. बसवून, सगळं समजून घेऊन ती बाहेर आली, तर सासूबाई उभ्या. "काय म्हणाल्या? मुलगा का मुलगी?"

"काही नाही आई."

"काही नाही म्हणजे? मग पोटात होतं काय?"

"दूध!"

सासूबाई खालीच बसल्या. मग त्यांनाही हसू आलं, ते पुढची पेशंट आत गेली तरी थांबेना. टोपडं पूर्ण केलंच त्यांनी. आमच्या पाण्याच्या तांब्यावर घातलं.

हळूहळू पोट निवलं. पुरतं नाही, पण निवलं. आणि मास्तर यायचा दिवस उजाडला. उंच, शिडशिडीत माणूस, हातात पांढरी काठी. कानवाल्याशेजारी बसले, मान तिरपी करून. लिफ्टबाई आत गेली, बांगड्या काढल्या, उशीबिशी काही नाही. वाचायला लागली. आवाज काय लागला होता! आणि ती ओळ आली, "इतर घटक: दुधातली साखर..."

शांत. काही म्हणजे काही नाही. पण काचेपलीकडे कानवाला डोळे गच्च मिटून, दोन्ही मुठी आवळून, जसा काही बॉम्ब फुटणार असा बसलेला. ते तोंड बघून हिला असं हसू आलं की कागदच उडाला.

पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच ओळीला हसली. तिसऱ्यांदा तर ओळ यायच्या आधीच.

मास्तर म्हणाले, "बाई, त्या साखरेत एवढं काय आहे?"

आता काम गेलंच, असं वाटून तिनं माइकमधूनच सगळं सांगून टाकलं. स्कूटर, मांजर, उशी, टोपडं, सगळं.  मास्तरांचे खांदे हलायला लागले आणि काठी खाली पडली.

डोळे पुसून म्हणाले, "मलाही दूध पचत नाही. माझ्या गोळीत काय आहे ते मला कोण वाचून दाखवणार? दुकानदाराला घाई, पोरांना कंटाळा. आधी ज्यांचा आवाज ऐकला, त्या बाईंनी ही ओळ गाडी सुटल्यासारखी वाचली. तुम्ही सावकाश वाचा. थांबून वाचा. वर्षभर वाचा. फक्त हसू आवरा."

लिफ्टबाईनं मांडीला जोरात चिमटा काढला आणि वाचलं. "इतर घटक." थांबली. "दुधातली साखर." असं स्वच्छ, जसं काही समोरच्याच्या हातात एकेक शब्द ठेवतेय. मास्तरांनी मान हलवली. आणि इतका वेळ श्वास धरून बसलेला कानवाला खुर्चीसकट मागे कोसळला. तेवढा धप्प आवाज मात्र नंतर कापावा लागला.