दर बारावा टाका

माझा धाकटा भाऊ सोफे शिवतो. मी सामान उचलतो, बत्तीस वर्षं झाली. लोखंडी कपाट पाठीवर घेऊन एकट्यानं तीन मजले चढणारा या भागात मीच, आणि हे माझ्या तोंडून नको, ज्यांची कपाटं चढवली त्यांना विचारा. शाळा सातवीपर्यंत. पण झालेला अपमान लक्षात ठेवायला सातवी पुरते.

धाकटा माझ्या अगदी उलट. हळू बोलणार, हळू जेवणार. कुणाच्या घरी गेला की आधी खुर्ची उलटी करून शिवण बघणार, मग बसणार. सासरी पहिल्यांदा गेला तेव्हाही तेच. सासऱ्यांना वाटलं जावयाचं काहीतरी पडलं, तेही बिचारे वाकून शोधायला लागले.

नऊ वर्षांपूर्वी त्याचं स्वतःचं दुकान होतं. जाड कापड शिवायचं मशीन त्यानं हप्त्यांवर घेतलं. अठरा हप्ते, तीन-तीन हजारांचे. मशीन जुनंच होतं. आतल्या एका दातेरी चाकाचा दात तुटलेला, त्यामुळे दर बारावा टाका आखूड पडायचा. गिऱ्हाइकाला ते कधी कळलं नाही, पण याच्या डोळ्यात खुपायचं. म्हणून ती शिवण तो तळाच्या बाजूला घ्यायचा. तेरा हप्ते तारखेच्या आत भरले. मग एकदा सुई बोटातून आरपार गेली, बोट पिकलं, दोन महिने हात गळ्यात. दोन हप्ते थकले.

तेव्हा वसुलीला आला तो माणूस. त्याचं नाव मी तोंडात घेत नाही. आम्ही त्याला इस्त्री म्हणतो, कारण शर्टाला कधी सुरकुती नसायची. दुपारी दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. यानं कागद काढला, धाकट्याचं नाव बापाच्या नावासकट मोठ्यानं वाचलं, किती थकले तेही वाचलं आणि दोन माणसांकडून मशीन उचलवलं. डॉक्टरीणबाईंच्या सोफ्याचं कव्हर सुईखाली अर्धवट अडकलं होतं. धाकटा म्हणाला, एवढं कापड सोडवू द्या. इस्त्रीनं टेबलावरची याचीच कात्री घेतली आणि कव्हर मधोमध कापलं. मी त्या दिवशी परगावी सामान पोचवायला गेलो होतो. असतो तर त्या शर्टाला पहिली सुरकुती मीच पाडली असती.

दुकान बंद झालं. तेव्हापासून धाकटा दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर.

यंदा कोपऱ्यावरचा एक गाळा रिकामा झाला. मालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. धाकटा कर्जासाठी बँकेत गेला, तर तिथल्या बाईंनी संगणकावर बघून सांगितलं की तुमच्या नावावर जुनी थकबाकी आहे, एकसष्ट हजार, ती वसुली कंपनीकडे गेलीय. ती निस्तरल्याशिवाय कर्ज नाही. त्याच आठवड्यात त्या कंपनीचं पत्र आलं. बारा हजार भरा, सही करा, विषय संपला. खाली अधिकाऱ्याची सही. तोच. इस्त्री आता साहेब झाला होता.

धाकट्याच्या बायकोचं म्हणणं होतं की बारा हजार तोंडावर मारू आणि सुटू. तिनं डब्यात पैसे बाजूला काढूनही ठेवले. मी म्हटलं, एक रुपया द्यायचा नाही, दिला तर मी या घरात पाणी पिणार नाही. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणारे एक काका आहेत, त्यांना मी विचारून आलो. ते म्हणाले, इतकं जुनं झाल्यावर ते कोर्टात काही करू शकणार नाहीत, पण न बघता सही करू नका, आणि तडजोड केलीत तरी बँक नाक मुरडणारच. म्हणजे भरलं तरी डाग, नाही भरलं तरी डाग. धाकटा दोघांचं ऐकायचा आणि ताटाकडे बघत बसायचा.

मग कारखान्यात एक फाटकी खुर्ची आली. यानं सवयीनं उलटी केली. संध्याकाळी तो माझ्या दारात उभा, हातात कापडाची पट्टी.

"दादा, मोज."

मी मोजलं. अकरा सरळ, बारावा आखूड. पुन्हा अकरा, पुन्हा आखूड.

खुर्चीच्या तळाला बनवणाऱ्याचा शिक्का होता. पुलापलीकडचा कारखाना, चालवणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी. आम्ही गेलो, तर मशीन खिडकीपाशी उभं. धाकट्यानं त्याच्यावर नुसता हात ठेवला. मावशींना सगळं मीच सांगितलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून पावती काढली. बावीस हजारांना घेतलेलं, मशीन उचलल्यावर चौथ्या दिवशी. विकणाऱ्याची सही इस्त्रीची. बाई भली, लगेच पावतीची झेरॉक्स काढून दिली.

आता हिशेब तुम्हीच करा. पाच हप्ते राहिले होते, पंधरा हजार. मशीन गेलं बावीसला. कंपनीच्या कागदावर विक्रीचा एक पैसा जमा नाही. बावीस हजार इस्त्रीच्या खिशात आणि नऊ वर्षांचं व्याज माझ्या भावाच्या डोक्यावर.

मी बाह्या सरसावल्या. धाकटा म्हणाला, "हात लावायचा नाही. तू फक्त दारात उभा राहा."

दार भरायला मी एकटा पुरतो.

वसुली कंपनीच्या ऑफिसात बारा-तेरा पोरी-पोरं फोन कानाला लावून लोकांना धमकावत होती. इस्त्री काचेच्या खोलीतून बाहेर आला, शर्ट तसाच कडक. त्याला वाटलं आम्ही पैसे भरायला आलो. खुर्ची दिली, पाणी मागवलं. धाकटा बसला नाही. त्यानं कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला लागला. स्वतःचं नाव, बापाच्या नावासकट. भरलेले हप्ते, तेरा. राहिलेले, पाच. मशीन विकलं, बावीस हजार. विकणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. आयुष्यात माझा भाऊ एवढ्या मोठ्यानं बोललेला मी ऐकला नव्हता. एकेक फोन खाली ठेवला गेला.

इस्त्री हळूच म्हणाला, "आत बसून बोलू ना."

"माझ्या दुकानात तुम्ही आत बसून बोलला होतात?"

पलीकडच्या खोलीतून त्यांच्या मोठ्या बाई आल्या. कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि इस्त्रीकडे नुसतं बघितलं. काखेपासून कमरेपर्यंत त्याचा शर्ट भिजला. मी दारातून हललो नाही. घाई कशाला करायची, नऊ वर्षं थांबलो होतो.

महिना संपायला दोन दिवस असताना पत्र आलं. बाकी शून्य, बँकेलाही कळवलं. वरचे सात हजार देतो म्हणालेत, अजून दिले नाहीत, दर सोमवारी मी जाऊन विचारतो. काचेच्या खोलीतली खुर्ची रिकामी आहे. मला ती बघायला फार आवडते.

गाळा मिळाला. डब्यातले बारा हजार मावशींना देऊन धाकट्यानं मशीन परत आणायचं ठरवलं. टेम्पो करू म्हणाला. मी म्हटलं, मी मेलोय का? भर दुपारी खांद्यावर घेतलं आणि पूल ओलांडला. तो मागून पाय आणि टेबल घेऊन.

वसुलीचं ऑफिस वाटेत नव्हतं. मी वाट वाकडी केली.