अंगठा अप्पांचा

शैलाअक्का. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी हे नाव घेतो. समोरचा माणूस विचारतो, "सख्खी बहीण का?" नाही. हैदराबादेत काचीगुड्याला ज्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो, त्या घरमालकांची ती मुलगी. आमच्या देगलूरच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो आणि कुकटपल्लीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो. पहिली पाळी करून दुपारी परतायचो.

अशाच एका दुपारी पाणी भरायला खाली उतरलो, तर आतून वाजवण्याचा आवाज येत होता. दोन-तीन माणसं निरनिराळी वाद्यं घेऊन बसली असावीत असं वाटलं. उघड्या दारातून पाहिलं तर चटईवर एकट्या अक्का. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि मांडीवर भली मोठी गिटार. तेवढ्यात आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. अक्कांनी डावा हात गिटारवरून काढला आणि पदराखाली घेतला, जेवताना कुणी पाहुणा आला की आपण खरकटा हात लपवतो तसा. उजव्या हाताचा अंगठा मात्र चालूच राहिला. सा, प, सा. काठी टेकत त्यांचे वडील, अप्पा, दारात आले.

"तंबोरा लावून ठेवतीस का?"

"हो अप्पा."

अप्पा मागे वळले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "अंगठा अप्पांचा. बाकीची बोटं माझी."

हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं! त्याचा अर्थ कळायला मात्र थोडे दिवस लागले.

गिटार होती त्यांच्या धाकट्या भावाची, सुधीरची. साधी गिटार सहा तारांची असते, ही बारा तारांची. तारा जोडीनं बसवलेल्या. जाड तारेच्या शेजारी तिचाच सूर वरच्या सप्तकात देणारी बारीक तार. म्हणून एक जोडी छेडली तरी खोली भरून जायची. सुधीरच्या कुणा मित्रानं एक परदेशी कॅसेट आणली होती. तीत एकटा माणूस अशा गिटारवर बोटांनीच वाजवत होता, अंगठ्यानं खालचा सूर आणि बाकीच्या बोटांनी वरची चाल. ती ऐकून अक्कांच्या लक्षात आलं की त्यानं तारा नेहमीसारख्या लावलेल्याच नाहीत. त्यांनी खुंट्या पिळत पिळत स्वतःची जुळणी शोधली: सा, प, सा, म, प, सा. सुधीर घरभर ओरडत फिरला, "अक्कानं माझी गिटार बिघडवली!" पुढे तो संगणक शिकून अमेरिकेला गेला आणि बिघडलेली गिटार मागे राहिली.

त्याच सुमाराला अप्पांच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला. अप्पा मूळचे भालकीकडचे शेतकरी, निजामाच्या राज्यातच शिकून सरकारी कचेरीत लागलेले. दिवेलागणीला भजनाला बसायचं हा त्यांचा नेम. तंबोऱ्याशिवाय ते गाईनात आणि गायल्याशिवाय जेवीनात. अक्कांनी गिटार पुढे केली. मोकळ्या तारा छेडून दाखवल्या. अप्पांनी डोळे मिटून तारांची गुंज ऐकली आणि म्हणाले, "जवारी बरी आहे. पण हे बोटं नाचवणं माझ्यासमोर नको."

तेव्हापासून त्या घरात गिटारला तंबोरा म्हणत. अप्पांसमोर मोकळ्या सा-प च्या जोड्याच वाजायच्या. मधली म ची जोडी कधीच नाही. ती अक्कांची होती. अप्पा दुपारी झोपले की ती वाजे, आणि अप्पांची झोप फार कमी होती.

मला अक्कांनी इंग्रजी शिकवलं ते याच दुपारच्या वेळात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वेळातून. त्या वेळी हैदराबादेत गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघत होते. मीही एक वर्ग लावला होता, पण मुलाखतीत तोंड उघडलं की माझं देगलूर बाहेर पडायचं. अक्का गिटार मांडीवरून न काढता प्रश्न विचारायच्या. मी अडखळलो की एक तार छेडायच्या. "पुन्हा. आणि माफी मागत बोलू नकोस. तू काही चोरी करून आलेला नाहीस." एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्ही हे बाहेर का वाजवत नाही?" त्या म्हणाल्या, "दिवेलागणीला मी घरी पाहिजे. आणि दिवेलागण रोज होते बघ."

अप्पा कर्मठ असतील असं वाटेल, तसे ते नव्हते. गोड माणूस. मला हाक मारून शेंगदाण्याची चटणी द्यायचे. पण एका गोष्टीचा, आपल्या चढ्या सुराचा, त्यांना फार ताठा होता. "आपली पट्टी काळी एक. सगळ्यांच्या उतरल्या, आपली नाही. पट्टी उतरली की माणूस संपला."

ती पट्टी उतरली होती, हे घरात एकट्या अक्कांना माहीत होतं. मला ते एका संध्याकाळी कळलं. अप्पांनी आतून "शैले, चहा" म्हटलं आणि अक्कांनी एकेक खुंटी केसभर सैल केली. मी बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "चहा मागतात त्या आवाजावरून मला कळतं, आज कुठवर चढणार ते." अनेक वर्षं त्या असं करत आल्या होत्या, कधी केसभर, कधी तेवढंही नाही. अप्पांचा आवाज जसा खाली येत गेला, तशी गिटार त्याच्या मागोमाग खाली गेली. तारा आता इतक्या ढिल्या होत्या की जाड तार मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर घासून करकरायची. अप्पा म्हणत, "जवारी काय खुलली आहे!"

हिमायतनगरला युसूफभाईंचं वाद्यांचं दुकान होतं. अक्का तिथून तारा आणत. एकदा मी बरोबर होतो. जुनी तार तुटली होती म्हणून गिटारही नेली होती. एक तार बदलायला त्यांना बराच वेळ लागे. युसूफभाईंचा पोऱ्या सगळ्या तारा एकदम काढायला लागला, तर अक्कांनी त्याचा हात धरला. "नक्को. एकेक. सब एकदम छोड़े तो लकड़ी डर जाती." मला मराठीत समजावलं, "इतकी वर्षं ताणात राहिलेली मान आहे ही. एकदम मोकळी केली तर वाकडी होते. लाकूड घाबरतं."

तार लागली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अक्कांनी वाजवून पाहिलं, डाव्या हातानं, म च्या जोडीसकट. युसूफभाई गल्ला सोडून उठून आले.

"अम्मा, ये कैसे सुर मिलाए जी आप? एक गिटार में चार आदमियां बैठे हैं बोल के लग रा."

टीव्हीवर तेव्हा नवी नवी चॅनेलं येत होती, त्यांच्या तेलुगू मालिकांचं पार्श्वसंगीत युसूफभाईंच्या ओळखीच्या स्टुडिओत व्हायचं. तिथल्या माणसाला त्यांनी दुकानातूनच फोन लावला, आणि रिसीव्हर गिटारपुढे धरून अक्कांना पुन्हा वाजवायला लावलं. त्याला हाच आवाज हवा होता. फोन ठेवून युसूफभाई म्हणाले, "महिनाभर का काम है. शाम कू आना पड़ता. दिन में बड़े लोगां के गाने रहते."

"शाम कू नहीं होता, भाई," अक्का म्हणाल्या. "शाम कू अप्पा का भजन रहता."

"सोच के बोलो, अम्मा. हफ्ताभर रुकता मैं."

परतताना त्या बसमध्ये गिटार उभी धरून बसल्या होत्या. डाव्या हाताची बोटं गिटारच्या मानेवर फिरत होती.

त्याच आठवड्यात सुधीर अमेरिकेहून रजेवर आला. मी त्याला स्टुडिओचं सांगितलं. त्याला खरोखर आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तो युसूफभाईंकडून विजेवर चालणारा तंबोरा घेऊन आला. छोटी पेटी, पट्टी निवडायला एक बटण. "अक्का, सुटलीस! बटण दाबायचं, रात्रभर वाजेल. संध्याकाळी तू स्टुडिओत, पेटी अप्पांजवळ."

अक्कांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्टुडिओत जायला नवी साडी काढून खाटेवर ठेवली होती.

दिवेलागणीला अप्पा बसले. "कुठली पट्टी लावू?" सुधीरनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं? काळी एक."

सुधीरनं बटण काळी एक वर आणलं. पेटी वाजू लागली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर अप्पांनी सूर लावला होता. तो लागला नाही. अप्पा खाकरले. पुन्हा लावला. आवाज वर चढला, थरथरला आणि फाटला.

"चढी आहे रे ही पेटी."

"अप्पा, मशीन चुकत नाही," सुधीर म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

अप्पा पेटीकडे बघत राहिले. मग अक्कांकडे वळले. "शैले, मग माझा सूर...?"

अक्का पुढे आल्या. पेटीचं बटण बंद केलं, वायर काढली. "कसलं मशीन घेऊन आलास रे सुधीर? काचीगुड्याला संध्याकाळी व्होल्टेज किती कमी असतं ठाऊक नाही का? सूर कुठच्या कुठे पळतोय." आणि कोपऱ्यातली गिटार घेऊन त्या चटईवर बसल्या. खुंट्या आधीच सैल होत्या. अंगठा फिरला. अप्पांनी डोळे मिटले आणि त्यांचा सूर लागला, अगदी मधोमध.

"हां," अप्पा म्हणाले. "ही काळी एक."

पेटी कपाटावर गेली. नवी साडी कपाटात. सुधीरनं मला नंतर गच्चीवर विचारलं, "अक्कानं असं का केलं?" मी सांगितलं. चार दिवसांनी त्याची रजा संपली.

युसूफभाईंना नकाराचा निरोप द्यायला अक्कांनी मलाच पाठवलं. परत आलो आणि म्हणालो, "अक्का, खरं सांगून टाका ना अप्पांना."

"सांगून काय होईल? ते गाणं सोडतील आणि मी वाजवायला लागेन. मग त्यांच्या गप्प बसण्यापुढे मला माझी बोटं ऐकू येतील का?" मग हसल्या. "सुधीरची पेटी चांगली आहे रे. तिला ऐकू येत नाही, एवढंच."

मला बंगळूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मी टाळाटाळ करत होतो. अप्पांचं आता दोघांना बघावं लागे, त्यांना उठवायला मी मदत करायचो. अक्का चिडल्या. "तू जा. दोघांनी इथं सूर धरून बसायची गरज नाही." स्टेशनवर सोडायला आल्या नाहीत, कारण गाडी संध्याकाळची होती. मी रिक्षात बसलो तेव्हा आतून सा-प ऐकू येत होता.

अप्पा गेल्याचं मला उशिरा कळलं. मी भेटायला गेलो. घर तसंच होतं. दिवेलागण झाली आणि अक्का बोलता बोलता उठल्या, चटईवर बसल्या आणि मोकळ्या तारा छेडू लागल्या. अप्पांच्या शेवटच्या, पार खाली गेलेल्या सुरात. डावा हात पदराखाली होता. मी म्हटलं, "अक्का, आता वर चढवा की." त्या म्हणाल्या, "कुठवर? अप्पांचा सा मला ठाऊक आहे. माझा कुठला, हे मला कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही." पुढे कंपनीच्या कामानं परदेशी गेलो, तिथून त्यांना हे पत्र पाठवलं.

ती. शैलाअक्कांस,

माधवचा सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. सभेत उभं राहून बोलतो आणि माफी मागत बोलत नाही.

सोबत बारा तारांचा एक संच पाठवत आहे. दुकानदाराला तुमच्या गिटारचं वय आणि हाल सांगितले. तो म्हणाला, या तारा बारीक आहेत, यांचा ताण कमी पडतो, जुन्या लाकडाला वरचा सूरही झेपेल. त्यानं विचारलं, कुठल्या सुराला लावणार? मी म्हटलं, ते अजून ठरायचं आहे.

तुम्हाला सांगणारा मी कोण? पण तुम्ही मला शिकवलंत तेवढंच परत लिहितो. सगळ्या तारा एकदम काढू नका. एकेक बदला. आज एक बदलली, पुढची महिन्यानं बदलली तरी चालेल. सुरुवात म च्या जोडीपासून करा, ती पहिल्यापासून तुमचीच आहे. अंगठा राहू द्या अप्पांचा.

आणि दिवेलागणीला कधीतरी, घरात कुणी नसताना, "चहा" असं मोठ्यानं म्हणा आणि ऐका. मग त्या सुराला तार लावा.

सूर कुठे लागला, तेवढं कळवा.

आपला,
माधव