पाटलाचा फेटा आणि पायलटचा हेडफोन

हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की लोक वर बघतात. मी आजूबाजूला बघतो, कुणाच्या डोक्याला फेटा आहे का. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ही सवय काही सुटत नाही. तिच्यामागं एक केस आहे. तिचा गुन्हा नोंदला गेला नाही, आरोपपत्र नाही, बक्षीस तर नाहीच. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातले बरेचजण गेले, त्यांची लेकरंबाळं त्याच गावात नांदतात.

आधी माझ्याबद्दल एक सांगतो, कारण केसशी त्याचा संबंध आहे. खाकी घालण्यापूर्वी मी नामांतराच्या चळवळीत पत्रकं लिहायचो. चिकटवायची खळ मीच शिजवायचो. ‘ताठ मानेनं जगा’ ही ओळ माझ्या प्रत्येक पत्रकात असायची. फौजदार झालो तरी हात तोच राहिला. माझे साहेब माझा अहवाल वाचून म्हणायचे, “फौजदार, हा अहवाल आहे. मोर्चा नाही.”

नामांतर व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. माझं ठाणं पाथरी आणि सेलूच्या मधल्या पट्ट्यात. हद्दीतल्या एका गावचा माणूस सेलूला कापसाच्या व्यापारात वर आला होता. त्याच्या मनात आलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विमानात बसवावं. विमान कुठलं उतरणार? मग त्यानं मुंबईहून एका दिवसासाठी हेलिकॉप्टर भाड्यानं ठरवलं. अट एकच घातली: गाव, धनगरवाडा, गावाबाहेरची दलित वस्ती, कुणाचाच म्हातारा वगळायचा नाही. मला हा माणूस तिथंच आवडला.

परवानगी आली आणि बंदोबस्त माझ्याकडं आला. गायरानावर चुन्याचा गोल आखला. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलं. गर्दी मागं ठेवायला दोरखंड बांधला, सावलीला मांडव घातला. जिनिंगमधला वजनकाटा बैलगाडीतून आणला, कारण पायलटचा निरोप होता की प्रत्येक माणूस तोलून घ्यायचा.

पायलट उत्तरेकडचा, सैन्यातून आलेला, मिशा अशा की हवालदारानं सवयीनं सलामच ठोकला. तो हिंदीत नियम सांगायचा, मी कर्ण्यावरून मराठीत. पुढून यायचं, शेपटाकडून नाही. त्यानं हात केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. नारळ फोडायचा नाही, गुलाल उधळायचा नाही. पदर खोचा, टोप्या-फेटे काढून हातात घ्या. पाती फिरत असताना वाकून चला. आणि जागा वजनाप्रमाणे मिळेल.

इथं पाटील उठले. सत्तरी ओलांडलेले, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, अंगानं भारदस्त.

“वजनानं बसवणार? मानानं न्हाई?”

“पाटील, यंत्राला मान कळत नाही,” मी म्हणालो. खरं सांगतो, ते वाक्य बोलताना मला पत्रक छापून आल्याचा आनंद झाला.

तो टिकला नाही. दोरखंडापाशी पाटलाचा पुतण्या उभा होता आणि कोण आधी, कोण नंतर हे तो ठरवत होता. आधी गाव, मग धनगरवाडा, शेवटी वस्ती. पाणवठ्यावर जो क्रम, तोच आभाळात! मी व्यापाऱ्याला जाब विचारला. त्यानं हात जोडले. “साहेब, सगळेच उडणार हायत. आज भांडन नको.”

वस्तीच्या रांगेत पहिले बसले होते आबा. दुष्काळी कामावर त्यांनी कालवा खणला होता. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, “खणताना नुसता आपल्या पायाखालचा खड्डा दिसायचा, साहेब. पानी पुढं कुटं गेलं ते कदी बगितलंच न्हाई. येक डाव वरून बगू द्या, मग मेलो तरी चालतंय.”

पहिली फेरी पाटलाची. फेटा काढायला ते तयार नाहीत. पाती गरगरताहेत, आवाजात कानाला काही कळेना. पायलटला मराठीचा एकच शब्द येत होता, जीपच्या ड्रायव्हरनं शिकवलेला. तो ओरडला, “वाका! वाका!” पाटील ताठ. मग पायलटनं त्यांच्या मानेवर हात ठेवला आणि दाबलं. वाऱ्यानं फेटा उचलला, उलगडला आणि थेट वस्तीच्या रांगेपुढं नेऊन टाकला.

कुणीतरी हसलं. आबांनी फेटा उचलला, धूळ झटकली, घडी करून पुढं धरला. पाटलांनी तो घेतला आणि न उडताच मांडवात जाऊन बसले.

त्यानंतर फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. एक म्हातारी उतरल्यावर पायलटची दृष्ट काढून गेली. एका आजोबांनी त्याला विचारलं, “हे चालवायला बैलाइतकंच कळतंय का जादा?” तो हसून मान हलवत राहिला. दुपारी पंगत बसली. पायलट जेवायला आला, यंत्रापाशी माझा एक शिपाई ठेवला.

जेवून परत गेला तर हेडफोन नाही. तो कानाला लावून पायलट लोक बोलतात, त्याशिवाय उडत नाहीत. आणि सूर्य बुडायच्या आत हेलिकॉप्टर परत न्यायचं होतं. गाव उडून झालं होतं, धनगरवाडाही जवळजवळ झाला होता. राहिली होती वस्ती.

“आपल्यात कोन घेनार? तिकडं बगा,” पुतण्यानं बोट केलं. कुठं केलं असेल ते सांगायला नको. चोरी झाली की या देशात बोटाला दिशा विचारावी लागत नाही! माझा हवालदारही वस्तीच्या गाठोड्यांकडं निघाला. मी त्याला हाक मारून थांबवलं. “झडती घ्यायची तर मांडवापासून सुरू करा.”

शिपायाला बाजूला घेतलं.

“यंत्रापाशी कोण आलं होतं?”

“कुनीच न्हाई, साहेब.”

“नीट आठव.”

“आईची आन. कुनी म्हंजे कुनी न्हाई.”

आबा रांगेतून उठले नव्हते. ते आळीपाळीनं माझ्याकडं आणि उतरत्या उन्हाकडं बघत होते. तेवढ्यात बाभळीखाली कोकरू मांडीवर घेऊन बसलेल्या एका धनगर बाईनं मला खुणेनं बोलावलं. ती उडून आली होती आणि अजून खुशीत होती.

“सायेब, एवढं ऊन हाय, आन् पाटील शाल मांडीवर घेऊन बसल्यात. पंगतीला बी उठले न्हाईत. पाटील पहिल्या पंगतीला न्हाई उठले, असं कदी झालंय का?”

मी शिपायाकडं परत गेलो. “पाटील आले होते का यंत्रापाशी?”

“हां, ते आलते. म्या रामराम घातला.”

“मग कुणीच नाही म्हणालास ते?”

तो गोंधळला. “साहेब, पाटील म्हंजे काय ‘कुनी’ हायत का?”

तपासाच्या पुस्तकात हे कुठंच लिहिलेलं नाही. साक्षीदार खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांना पाटील चोर म्हणून दिसूच शकत नव्हते, जसा पुतण्याला वस्तीवाला चोर सोडून दुसरा कुणी दिसत नव्हता.

मी पाटलांच्या शेजारी खुर्ची ओढली. आवाज खाली ठेवला. आरोपी म्हातारा असला की उलटतपासणी घरच्या माणसासारखी करावी.

“पाटील, शाल काढा. उकडत असेल.”

“न्हाई उकडत.”

“घाम आलाय.”

त्यांनी शाल मांडीवर आणखी घट्ट आवळली. मग म्हणाले, “त्यानं माजं डोकं उगडं पाडलं, अख्ख्या गावापुढं, वस्तीपुढं. मी त्याच्या डोक्यावरचं काढलं. फिट्टंफाट.”

शालीखाली काळा हेडफोन होता, लेकरासारखा नीट धरलेला.

कायद्यानं ही चोरी. पंच बोलवा, पंचनामा करा, जबाब घ्या, पाटलाला जीपमध्ये घाला. माझ्यातला पत्रकवाला तर नाचत होता! पण पंचनामा संपेपर्यंत सूर्य बुडाला असता आणि आबांचा कालवा राहिला असता. मी पायलटलाच मांडवात आणलं आणि फेट्याचा अर्थ सांगितला.

पाटील त्याच्यावर कडाडले, “हमारा फेटा गिराया तुमने! इज्जत मिट्टी में मिलाई!”

पायलटनं ऐकून घेतलं. मग टोपी काढून म्हणाला, “चाचा, हाथ लगाया, माफी. लेकिन झुकाया मैंने अपने लिए नहीं. पंखा सर काट देता है. मैं भी झुकता हूँ, रोज.”

“तुम भी?”

“मेरे जनरल साहब भी.”

पाटलांनी हे मनात घोळवलं. मग हेडफोन पुढं केला. “जनरल बी वाकतोय म्हन्ता...” स्वतःशीच पुटपुटले.

राहिलेल्या फेऱ्या भराभर झाल्या. आबा रांगेत पहिले, पण अंगानं हलके म्हणून पायलटनं त्यांना मेळासाठी शेवटपर्यंत मागं ठेवलं. शेवटच्या फेरीत वजनाचा मेळ घालताना पायलटनं दोन माणसं शेजारीशेजारी बसवायची ठरवली. जड माणूस पाटील, हलका माणूस आबा.

पाटील फेटा काखेत मारून, उघड्या डोक्यानं, पार कमरेत वाकून गेले. गाव श्वास रोखून बघत होतं. आणि आबा दोरखंडापाशी थांबले.

“वाकायचं न्हाई मला, साहेब. लय वाकलो या गावात.”

दिवसभर ज्यासाठी बसले होते ते हातभर अंतरावर होतं. ताठ मानेनं जगा हे मी त्यांना केव्हाही सांगितलं असतं. वाका म्हणायला मात्र माझी जीभ उचलेना.

तेवढ्यात दारातून पाटील मागं वळले. जन्मभर आबांना ‘ये रे’, ‘जा रे’ म्हणणारा तो माणूस त्या घरघराटात ओरडला, “आबा, डोकं सांभाळा! या!”

सांभाळा. या. मी दोन्ही क्रियापदं स्वतःच्या कानांनी ऐकली.

आबा क्षणभर बघत राहिले. मग ओरडले, “तुमी तुमचा फेटा सांभाळा आदी!” आणि हसत, वाकून, पळत गेले.

दोघं खाली उतरले. मी विचारलं, “आबा, दिसला का कालवा?”

“दिसला की. मुकादम सरळ खणा, सरळ खणा म्हनून शिव्या द्यायचा. वरून बगितला तर लय वाकडा हाय, साहेब. पाटलाच्या शेतापाशी आला आन् ती जमीन वाचवत वळसा घालून गेला.” मग पाटलांकडं वळून म्हणाले, “मानसं वाकायची ते समजलं. तुमी पानी बी वाकिवलं की!”

मी काठी घट्ट धरली. पुतण्या पुढं सरकला. पाटलांनी त्याला हातानं मागं सारलं. उघड्या डोक्यावर हात फिरवला आणि हसायला लागले. “वाकिवलं, आबा. तवा वाटलं, वरून कोन बगतंय.”

ठाण्यावर येऊन मी स्टेशन डायरीत लिहिलं: वस्तू मिळाली, पायलटची तक्रार नाही, बंदोबस्त शांततेत पार पडला. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “आज मोर्चा कुठं गेला?” मी डायरी मिटली.

कालवा अजून तसाच वाकडा आहे. एका हसण्यानं पाणी सरळ होत नाही, आणि त्याचा राग मला आजही येतो. पण माणूस ओळखायची एक खूण मला त्या गायरानावर सापडली. वाका म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, कशासाठी, आणि तुम्ही वाकता का? दोन्हींचं उत्तर मिळालं तर त्या वाकण्यात अपमान नाही. नाही मिळालं, तर माझी जुनी ओळ मी आजही मागं घेत नाही.

पुढं पुष्कळ हेलिपॅडचे बंदोबस्त केले, मोठमोठी माणसं उतरवून घेतली. माझ्या शिपायांना हुकूम एकच असायचा. मंत्री असो की म्हातारी, ‘वाका’ म्हणायचं नाही. आधी आपण वाकायचं, मग म्हणायचं, “डोकं सांभाळा. या.”