डाव्या खांद्यामागचा चौकोन

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. गिरणीत होतो तेव्हा आमच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, रोज कुणाला तरी काहीतरी दिसायचं. कुणाला मेलेला साचेवाला, कुणाला जिन्यात बाई. मी तोंडावर म्हणायचो, मेल्या, काल घेतलीस ती उतरू दे आधी. गावाकडे कोकणात देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी सांगतात, त्याही मी कधी मनावर घेतल्या नाहीत. मोबाइलवरच्या ह्या पानावर तुम्ही लोक भुतांचे अनुभव लिहिता ते माझी मुलगी मला वाचून दाखवते. त्यातलं निम्मं मला थापा वाटतं. तेव्हा माझं हे तुम्हाला थाप वाटलं तर वाटू दे, मला राग नाही. चौथी शिकलोय, चुका पोटात घाला.

मी राहतो असल्फ्याला, घाटकोपर पश्चिमेला, डोंगरावर. गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनकी करतो. आता मरोळ नाक्याजवळ एका इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या माळ्यावर कॅमेऱ्याच्या लेन्सचं दुकान आहे, तिथे दारात बसतो. मालक निमेषभाई. काउंटरला प्राजक्ता म्हणून बोरिवलीची मुलगी आहे, मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, पण माझ्यापुढे मुलगीच. माझं काम काय, तर स्टुलावर बसायचं आणि बाहेर जाणाऱ्याची बॅग बघायची. बस.

आमची रतन मागच्या वर्षी गेली. पोटाचं दुखणं होतं, शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाही तिने. तेरावं झालं आणि मी कामावर हजर झालो. मुलगी मुलुंडला दिलेली आहे, ती म्हणाली, 'बाबा, थोडे दिवस माझ्याकडे या.' जावयाच्या घरी काय बसायचं? आणि माझं घर तर खायला उठायचं.

आता ह्या लेन्सचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्यांना फास्ट प्राइम म्हणतात. प्राइम म्हणजे झूम होत नाही, जवळचं हवं तर आपण पुढे चालायचं. फास्ट म्हणजे काचेचं तोंड एवढं मोठं की अंधारातसुद्धा फोटो येतो. लेन्सवर त्याचा आकडा असतो, एक पॉइंट चार, एक पॉइंट दोन, पॉइंट नाइन फाइव्ह... आकडा जेवढा लहान तेवढी किंमत जास्त. आणि एवढे पैसे ओतून फोटोत दिसतं काय? एक डोळा स्पष्ट, दुसरा धुरकट, कान तर गेलाच. मागचं सगळं सायीसारखं. त्या सायीसाठी ही पोरं जीव टाकतात.

लेन्स ट्राय करायला तोंड लागतं. दुकानात फुकटचं तोंड एकच — माझं.

'काका, जरा इकडे बघा... हलू नका हां... काय टेक्सचर आहे यार!'

टेक्सचर म्हणजे माझ्या सुरकुत्या. मग ते स्क्रीनवर मोठं करून मला दाखवायचे. डोळ्याच्या कोपऱ्यातलं चिपाड, नाकातला केस, ओठाच्या कडेला सुकलेला चहा. शिसारी यायची मला स्वतःच्या थोबाडाची. ते म्हणायचे झकास.

तेराव्यानंतर कामावर आलो तर त्यांना मी आणखीच आवडायला लागलो. 'काकांच्या चेहऱ्यावर काय एक्स्प्रेशन आलंय!' अरे, बायको मेलीय माझी, एक्स्प्रेशन कसलं? एकदा एक पोरगा अगदी तोंडाजवळ येऊन फोटो काढत होता आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. कसं आलं माहीत नाही. रुमाल काढायला खिशात हात घातला तर तो म्हणतो, 'काका, पुसू नका प्लीज, दोन सेकंद!' माणूस आहे की गिधाड? मी रुमाल काढला आणि त्याच्यासमोर चांगला खळखळून शेंबूड शिंकरला. म्हटलं, घे, ह्याचा काढ.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते सुरू झालं.

लग्नाचे फोटो काढणारा एक जण आला होता. माझे दहाबारा फोटो काढले आणि तोंड वाकडं करून काउंटरवर गेला.

'मॅडम, लेन्स फॉल्टी आहे. फोकस मागे मारतेय.'

'शक्यच नाही. आत्ता तुमच्यासमोर सील फोडलंय.'

'मग तुम्हीच बघा ना.'

प्राजक्ताने आधी खोक्याचा फोटो काढला. बरोबर. निमेषभाईचा काढला. बरोबर, त्याच्या गालावरचा मससुद्धा आला. माझा काढला, तर मी धुरकट. तिने दुसरी लेन्स लावली, मग दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला. बाकी सगळं ठीक, मी एकटा धुरकट.

'सर, काकांमध्येच फॉल्ट आहे,' ती हसून म्हणाली.

निमेषभाई म्हणाला, 'काका, तुमची वॉरंटी संपली!'

मीही हसलो. तेव्हा हसलो.

पण प्राजक्ताच्या डोक्यातून ते जाईना. गिऱ्हाईक नसलं की ती माझ्यासमोर कॅमेरा घेऊन उभी. माझ्या डाव्या हाताला एक लोखंडी रॅक आहे, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. त्याला ओळीने स्क्रू आहेत. तिने फोटो मोठा करून दाखवला. माझ्या खांद्याजवळचा स्क्रू धुरकट, भिंतीजवळचा धुरकट, आणि मधला एकच असा स्वच्छ की त्याच्यावरचा गंज दिसावा. म्हणजे कॅमेऱ्याने जे धरलं होतं ते माझ्या मागे, वीत-दीड वीत अंतरावर होतं.

'स्क्रू धरला असेल,' मी म्हटलं.

'नाही हो काका. हा कॅमेरा डोळा शोधतो. माणसाचा डोळा सापडला की त्याच्यावर हिरवा चौकोन येतो. थांबा, तुम्हालाच दाखवते.'

तिने मागची स्क्रीन उघडून माझ्याकडे फिरवली. हल्ली तशी फिरते. मला मी दिसलो. आणि माझ्या डाव्या खांद्याच्या मागे, कानापेक्षा चार बोटं वर, एक बारका हिरवा चौकोन. तिथे कुणी नव्हतं. मी मान वळवून बघितलं, मागे नुसती भिंत. पुन्हा स्क्रीनकडे बघितलं तर चौकोन तिथेच. आणि तो एका जागी गोठलेला नव्हता... माणूस उभ्या उभ्या जेवढा हलतो ना, तेवढा हलत होता.

प्राजक्ता म्हणाली, 'काका, हे बरं नाही वाटत मला.'

मला कळलं होतं.

साच्यांच्या आवाजाने माझा उजवा कान तरुणपणीच गेला. त्या बाजूने ढोल वाजवलात तरी ऐकू यायचं नाही. त्यामुळे रतन कायम माझ्या डावीकडे. मी बसलेलो असलो की चहा घेऊन यायची, डाव्या खांद्यामागे उभी राहायची आणि तिथून बोलायची. बुटकी होती. मी स्टुलावर बसलो आणि ती मागे उभी राहिली की तिचे डोळे कुठे येतील हे मला टेप लावून मोजायला नको.

त्या दिवसापासून माझं उलटंच झालं. ज्या गोष्टीची किळस यायची तीच मी मागून घ्यायला लागलो. नवं गिऱ्हाईक दिसलं की मीच म्हणायचो, 'काढा ना माझा. स्क्रीन तेवढी इकडे करा.' ते काढायचे, त्यांचा फोटो बिघडायचा, ते कुरकुरायचे. माझं लक्ष फक्त चौकोनावर. दिसला की बरं वाटायचं. मला अजून काय पाहिजे होतं? ती तिथे राहावी आणि कुणाला कळू नये, एवढंच.

पण निमेषभाईचं तोंड म्हणजे भोंगा. त्याने कुणाला तरी गमतीत सांगितलं, काकांची मेलेली बायको कॅमेऱ्यात येते, आणि एके दिवशी दुपारी एक रीलवाला उगवला. त्याने नाव सांगितलं होतं, मी लक्षात ठेवलं नाही. बरोबर तिघं जण, लाइट, माइक, झेंडूचा हार आणि धूप! हार बघूनच माझं डोकं तापलं.

'काका, कसलं भारी कंटेंट आहे हे! आज्जींचा फोटो आहे ना मोबाइलमध्ये? तो बाजूला लावू, हार घालू.'

'नाही फोटो,' मी खोटंच सांगितलं.

निमेषभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, 'काका, करू दे ना. दुकानचा नाव होईल. तुमाला काय फक्त बसायचा आहे.' हसत म्हणाला, पण नाही म्हटलं असतं तर उद्यापासून त्या स्टुलावर दुसरा बसला असता, हे मला समजतं. प्राजक्ता काउंटरवरून म्हणाली, 'सर, हे बरोबर नाही.' तिला त्याने नुसता हात दाखवला, गप म्हणून.

बसलो. धूप पेटवला, माझ्या नाकात धूर. सगळ्यात महागाची लेन्स लावली, स्क्रीन माझ्याकडे फिरवली. चौकोन आला. लगेच. खांद्यामागे.

'आली! आली! आज्जी आली रे!' चौघं माकडासारखे नाचायला लागले. एक जण मोबाइल घेऊन माझ्या तोंडात शिरला, 'काका, आता कसं वाटतंय?' तोंडाला गुटख्याचा भपकारा. आणि तो मुख्य रीलवाला, हातात ते पेनासारखं वाफ ओढायचं असतं ते, तो माझ्या मागे आला आणि जिथे चौकोन होता तिथे हवेत हात फिरवायला लागला. चाचपत. बाजारात मासा चाचपतात तसा.

'थंड लागतंय का बघतो हां, व्ह्यूअर्सना सांगू.'

मी स्क्रीनकडे बघत होतो. चौकोन हलला. त्याच्या हातापासून बाजूला सरकला. तो हात पुढे करी, चौकोन आणखी मागे. गर्दीत बाईमाणूस अंग चोरतं ना, अगदी तसं. शेवटी भिंतीला जाऊन टेकला. तिकडून जायला वाटच नव्हती.

आयुष्यात परक्या माणसाचा धक्का तिला कधी लागू दिला नाही मी. आणि हा कालचा पोरगा...

मी मान वळवली आणि मोठ्याने बोललो, गावच्या भाषेत, घरी बोलायचो तसा. 'चल गो, जा हयसून. कित्याक रवलस? ह्येंच्यात तुजा काय काम नाय. घराक जा.'

मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. चौकोन माझ्या डोळ्यावर होता.

फोटो काढला. माझा डोळा, चिपाडासकट, एकदम स्वच्छ. दुसरा काढला, तसाच. दहा काढले, वीस काढले, लेन्स बदलल्या. सगळे स्वच्छ.

'काका, काय केलंत तुम्ही? परत बोलवा ना आज्जींना! आपला शॉट झालाच नाही अजून!'

'तुझ्या आवशीला बोलव,' मी म्हटलं. 'तिला बसव हितं आणि तिच्या अंगावर फिरव हात.'

भांडण झालं, निमेषभाई मध्ये पडला, ते गेले. रील काही झालं नाही. निमेषभाई खूश, म्हणाला, 'लेन्स बराबर झाली, आता विकेल.' ते गेल्यावर मला ओकारी झाली, संडासात जाऊन आलो. धुपाचा वास अजून नकोसा होतो.

घराक जा म्हटलं होतं मी. म्हणून संध्याकाळी पटपट घरी गेलो. दिवा लावला, नेहमीच्या जागी बसलो, डावी बाजू मोकळी ठेवून. काही नाही. पण घरी काही दिसणार नव्हतंच, घरी कुठे कॅमेरा? म्हणून मी प्राजक्ताच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. रविवारी ती खरंच आली, ती लेन्स आणि कॅमेरा घेऊन, धापा टाकत आमचा डोंगर चढून.

'काका, रोज चढता तुम्ही हे?'

'तू बस, पाणी पी. मग काढ.'

मी जिथे बसून चहा प्यायचो तिथे बसलो. तिने स्क्रीन फिरवली. चौकोन माझ्या डोळ्यावर. मी सरकून बसलो. डोळ्यावर. स्टूल स्वयंपाकाच्या ओट्याजवळ घेतलं, मग खाटेजवळ, मग दारात. तिने न कंटाळता काढले. मोरीपाशीसुद्धा काढले.

'अजून एक काढू?'

'काढ.'

शेवटी तिने कॅमेरा खाली ठेवला. 'काका... सगळे शार्प आहेत हो.'

सगळे शार्प. माझं थोबाड स्वच्छ आणि मागे माझं घर, तिची भांडी, तिची पातळाची दोरी, सगळं साय. मी म्हटलं, पुसून टाक. तिने पुसून टाकले.

मुलगी म्हणते, बाबा, तुम्हाला आईची आठवण येते म्हणून तसं वाटलं. मला वाटलं असेल, पण कॅमेऱ्याला कशाला वाटेल? आणि तेही वेगवेगळ्या कंपन्यांच्या? प्राजक्ता म्हणते, सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी होतं. म्हणते, पण माझ्याकडे बघत नाही म्हणताना. ती होती की नव्हती, आणि होती तर घरी न येता गेली कुठे, ह्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. तुमच्यातल्या कुणापाशी असेल तर ते तुमच्यापाशीच ठेवा, मला भटाला बोलावून शांत-बिंत करायला सांगू नका.

काम तेच आहे, स्टूल तेच आहे. पोरं येतात, लेन्स लावतात, 'काका, इकडे बघा' म्हणतात. मी बघतो. फोटो झाला की विचारतो, चौकोन कुठे आला?

'डोळ्यावर काका,' म्हणतात. 'अजून कुठे येणार?'