म्हशीचं खाचर

माझी काकी खालापूरकडच्या एका गावात राहते. सोबतीला एक म्हैस. घरालगतचं भाताचं खाचर कागदोपत्री काकीचं आहे, पण पावसाळ्यात वहिवाट म्हशीची. लावणीपर्यंत ती त्यातच डुंबायची. शेण आपोआप शेतात पडतं, म्हैस खूश, काकी खूश.

बाया खूश नव्हत्या. आमच्याकडे लावणीला एकमेकींच्या शेतावर जायची रीत आहे. काकीच्या खाचरातून निघालेली बाई मात्र बांधावरच पोटऱ्या खाजवत बसायची. गेल्या वर्षी शेजारीण म्हणालीच, "काकी, तुमच्यात आता आमी येनार नाय. खाचरात कायतरी हाय." काकीने बांधावरच्या देवाला नारळ दिला. खाज गेली नाही. बाया आल्या नाहीत तर एकटीने लावणी कशी उरकायची, हा घोर उन्हाळाभर राहिला.

मग गावात जनावरांचं शिबिर झालं. हार, शाली, आणि गोठ्याहून मोठा फलक. पाहुण्यांनी गोगलगायींतून पसरणाऱ्या रोगावर भाषण वाचलं. ते किनारपट्टीच्या गावांसाठी लिहिलेलं असावं. सुरुवातच "सागराच्या लेकरांनो" अशी.

"हितं समुद्र कुठाय रं?" मागून कोणीतरी विचारलं. भाषण समुद्रावरून हललं नाही.

टाळ्या संपल्यावर काकीने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी नीट सांगितलं: म्हशीच्या शेणातून जंताची अंडी पाण्यात पडतात, त्यातली पिल्लं गोगलगायीत वाढतात, मग पाण्यात उतरून माणसाच्या कातडीत शिरतात. तिथे ती मरतात, पण खाज ठेवून जातात. म्हशीला औषध द्या, खाचरात सोडू नका.

"मग तिनं बसायचं कुठं?"

"गोठ्यात."

गोठ्यात काकीलाच बसायला सांगितल्यासारखा तिचा चेहरा झाला. पण शेजारणीनेही अट घातली, "म्हैस खाचरात उतरली, की आमी बांधावर."

काकीने म्हशीला औषध पाजून गोठ्यात बांधलं. यंदा बाया आल्या. मीही कर्जतहून गेलो. लावणी रंगात आली आणि गोठ्यातून म्हैस रेकायला लागली. काकी रोपं हातात धरून थबकली. पुन्हा रेकणं. "आलेच गं," म्हणून ती गेली ती गेलीच. बघतो तर पाइप धरून म्हशीला आंघोळ घालत होती, आणि वर तिचीच माफी मागत होती.

खाचर बायांनीच पुरं केलं. बांधावर पाय धुताना शेजारीण पोटऱ्या निरखून ओरडली, "काकी, खाज नाय हां! पुढच्या साली म्हशीला लावनीला पाठवा, तुमी बसा गोठ्यात."