उजवी मांडी, अर्धा इंच सैल

विजेचे मीटर तपासण्यात ज्यांची अठ्ठावीस वर्षं गेली, त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत. त्यांच्या खिशात कायम एक छोटं भिंग असे. मीटरचं सील कुणी उकरून पुन्हा बसवलंय का, ते त्यातून दिसायचं. दार उघडणारा माणूस ‘काही नाही हो साहेब, सगळं ठीक आहे’ म्हणाला की साहेब बाह्या सरसावून आत शिरत. ज्याचं खरंच काही नाही तो आधीच असं कशाला सांगेल? आणि खोटं कशाला बोला, बहुतेकदा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा.

त्यामुळे हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून ‘काळजीचं काही दिसत नाही’ म्हटलं, तेव्हाच साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

झालं होतं असं. तीन आठवड्यांच्या तापाने साहेब चांगलेच वाळले होते. अंघोळ करताना उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, बाहेरच्या अंगाला एक कठीण उंचवटा हाताला लागला. दुखत नव्हता, हलतही नव्हता. बाईंनी नीट समजावलं. लहानपणी हाड वाढताना कधीकधी बाजूला कोंब फुटतो, त्याच्यावर मऊ कूर्चेची टोपी असते, आणि माणसाची उंची थांबली की तोही थांबतो. रुतत किंवा दुखत असेल तर काढून टाकतात, नाहीतर तसाच राहू देतात. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून आहे?

“दोन महिन्यांपूर्वी नव्हतं,” साहेबांनी ठणकावून सांगितलं.

बाईंनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. या वयात नव्याने वाढत असेल तर टोपी किती जाड आहे ते पाहायला हवं, शुक्रवारी एमआरआय करून घेऊ, म्हणाल्या. आधी म्हणे काही नाही, आणि मग एवढी मोठी तपासणी! शिवाय बाईंनी एक्स-रे काढणाऱ्याकडे बघितलेलं साहेबांनी टिपलं होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. हा कर्करोगच आहे आणि आपल्यापासून लपवताहेत, असं स्वतःशी ठरवून ते घरी आले. माणूस मनातून पुरता भ्याला होता.

बायको पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. तिने मशीन थांबवून उंचवट्यावर अंगठा दाबून पाहिला, “हे होय? हे जुनंच आहे,” म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. एवढी शांत? म्हणजे डॉक्टरीणबाईंनी हिला फोन केलेला दिसतोय. त्यानंतर दोन दिवस साहेबांनी तिच्यावर नजर ठेवली. ती मुलीशी फोनवर हळू आवाजात बोलायची आणि ते आत आले की विषय बदलायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसला जातो म्हणून ते निघाले आणि तासाभरात परतले. धाड घालताना उघडत तसंच अलगद दार उघडलं. पलंगावर त्यांच्या सगळ्या पँटा ओळीने मांडल्या होत्या, ट्रंकेच्या तळातल्यासुद्धा. बायको त्या एकेक करून उलट्या करत होती.

“अजून जिवंत आहे मी,” साहेब दारातूनच म्हणाले. “कपडे वाटून टाकायला शुक्रवारपर्यंत तरी थांबायचंस.”

तिला क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि डोळे भरून आले, आणि त्याबरोबर रागही आला. तिने टेप त्यांच्या हातात कोंबली. प्रत्येक पँटचा आधी उजवा पाय मोजा, मग डावा, म्हणाली.

साहेबांनी मोजलं. गेल्या वर्षीची निळी, मुलीच्या जन्माच्या वेळची तपकिरी, लग्नातली करडी. एकूण एक पँट हिच्याच हातची, आणि प्रत्येकीत उजवी मांडी त्या जागी अर्धा इंच जास्त. ना सूतभर कमी, ना सूतभर अधिक.

मग तिने वडिलांची मापांची वही पुढे सरकवली. त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. ते माप सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. एकदा एक किडकिडीत तरुण आला होता, कापडात फसवतील म्हणून दोनदा मोजायला लावणारा. त्याच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘उजवी मांडी अर्धा इंच सैल, हाडाला उंचवटा.’ तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची. साहेबांनी खिशातून भिंग काढून शाई तपासली. शाई जुनीच होती.

“सव्वीस वर्षं तुला माहीत होतं?”

“माझ्या बाबांची शिकवण होती. गिऱ्हाइकाच्या अंगात काही वेगळं दिसलं तर तोंडावर बोलायचं नाही, शिलाईत सांभाळून घ्यायचं.”

“मी गिऱ्हाईक आहे?”

“लग्नानंतर सांगणार होते. पण तुम्ही झोप घालवून बसला असता. आणि स्वतःची मांडी, तुम्हाला माहीत असेलच असं वाटायचं. परवा सांगितलं, तर विश्वास कुठं ठेवलात? पोरगीच म्हणाली, बाबांना पुरावा दाखव.”

जगाचे मीटर तपासणाऱ्या माणसाने भिंग मुकाट खिशात ठेवलं.

शुक्रवारी दोघं वही आणि तीन पँटा घेऊन गेली. बाईंनी शिवण मोजली, वहीतलं पान दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांत वाढलं नाही आणि दुखतही नाही, तर एमआरआयची घाई नको, म्हणाल्या. वर्षाने एक एक्स-रे काढायचा. दुखायला लागलं किंवा वाढलंसं वाटलं तर मात्र लगेच यायचं. ‘काळजीचं काही नाही,’ हेही त्या पुन्हा म्हणाल्या. या खेपेला साहेबांनी त्यांचा चेहरा निरखला नाही. बायको पदराने डोळे पुसत होती, ते तिच्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “आणखी काय काय सांभाळून घेतलंयस माझं?”

“डावा खांदा. बोटभर खाली आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

साहेबांनी खांदा उचलून पाहिला, तो पुन्हा खाली आला. मग त्यांनी वही उघडून कोरं पान काढलं.

“नव्याने माप घे,” ते म्हणाले. “आणि मोठ्याने सांग. मी लिहितो.”

ती टेप लावून आकडे सांगत गेली. साहेब ते लिहीत गेले, एकदाही वाकून टेप न बघता.