उंडीचं तेल

पालीच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी एक बाई बेव्हर्ली पार्कात आमच्या सोसायटीच्या गेटपाशी बसायची. सकाळभर हात बर्फात, तरी तळव्यांना एकही भेग नव्हती. पाटी रिकामी झाली की ती उंडीच्या बियांचं हिरवट, उग्र वासाचं तेल हातांना चोळत बसायची. नाव मी कधी विचारलं नाही.

आई अंथरुणाला खिळली होती. तिच्या पाठीची कातडी कोरडी पडून सोलत होती, म्हणून मी बाईकडे तेल मागितलं. तिनं घरची बाटली आणून दिली. आठवड्याने विचारलं, “कसं लावतोस?”

“कापसाने. हाताला वास राहतो, ऑफिसला जायचं असतं.”

“कापसाला कलतंय काय, कुठं दुखतं ते?”

त्या संध्याकाळी मी तळव्यावर तेल घेऊन आईच्या पाठीवर हात ठेवला. कमरेच्या हाडापाशी बोटं गेली तशी ती कळवळली. ती जागा मला माहीतच नव्हती. त्यानंतर रोज हातानेच तेल लावत गेलो.

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी उरलेल्या तेलाची बाटली परत द्यायला खाली उतरलो. बाईनं बाटली घेतली नाही. माझा हात ओढून हुंगला.

“वास अजून हाय,” ती म्हणाली.

वर येऊन जेवायला बसलो, पण हात धुवायला मन होईना.